मोकळ्या हवेतला मास्क आणि आपली रीतभात: ठाणे, नवी मुंबईकरांनो तुमचे अनुभव लिहा

कोरोनात बाहेर पडताना मास्क लावायचा, नाहीतर पाचशेची पावती, हा नियम सगळ्यांना पाठ होता. पण नियमात कुठेच न लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी आपण आपापसात ठरवत गेलो. मोकळ्या जागी समोरून कोणी आलं की हनुवटीवरचा मास्क वर घ्यायचा, अनोळखी माणसाला 'मास्क लावा' म्हणायचं तर कोणत्या सुरात, बोलण्यासाठी खाली घ्यायचा तर किती लांब उभं राहून. 2 एप्रिल 2022ला, पाडव्याच्या दिवशी राज्यातली सक्ती उठली आणि हे सगळं भराभर विसरलं गेलं. आता सर्दी झालेला माणूस मास्क लावून रिक्षा स्टँडवर उभा राहिला तर लोक वळून वळून बघतात, मला ते बघून वाईट वाटतं. म्हणून हा धागा. रस्त्यावरचं, तलावावरचं, बाजारातलं, जे आठवतंय ते लिहा. लस आणि राजकारण ह्यावर इथे नको प्लीज.

उपवनचा फेरीवाला

आमचा सकाळचा ग्रुप उपवन तलावावर, सगळे साठीच्या पुढचे. बागा, तलाव परत उघडल्यावर आम्ही ठरवलं की सगळ्यांनी एकाच दिशेने फेरी मारायची, म्हणजे तोंडासमोर तोंड येत नाही. मागून पुढे जायचं असेल तर आधी 'येतोय हो' म्हणायचं आणि मास्क वर. येऊरकडून वारा असतो तिथे, चालता चालता एखाद्याच्या बाजूने जाण्यात फार धोका नव्हता, खरा धोका फेरी झाल्यावर कट्ट्यावर खेटून बसून मास्क खाली करून तासभर गप्पा मारण्यात होता, आणि लोक नेमके उलट वागायचे, चालताना मास्क आणि कट्ट्यावर उघडं तोंड. आम्ही कट्टा बंद केला. दोघं जण रागावून यायचे थांबले, पण मी आजही म्हणेन की ते बरोबरच होतं.

जांभळी नाका

माझी आई मार्केटच्या तोंडाशी भाजी घेऊन बसते. मला लिहायचंय ते गिऱ्हाइकांच्या बोलण्याबद्दल. दिवसभर 'ओ मावशी, मास्क वर घ्या आधी', आणि म्हणणाऱ्याचा स्वतःचा मास्क मोबाईलवर बोलायला खाली आलेला. सगळे तसे नव्हते हेही सांगते. पण भाव ओरडून सांगायचा, मे महिन्यातलं ठाण्याचं ऊन, घामाने मास्क तासाभरात ओला होतो आणि ओल्या मास्कमधून श्वासही नीट घेता येत नाही, दिवसाला तीन-चार तरी बदलायला लागतात. ऑक्टोबर 2020मध्ये सरकारने दर बांधून दिले, तीन पदरी 3-4 रुपयाला आणि एन-95 19 ते 49च्या मध्ये, तोपर्यंत दुकानदार मागेल ती किंमत. हे आईला उभ्या उभ्या सुनावणाऱ्याला माहीत नसायचं.

नौपाड्यातल्या एक काकू नेहमी यायच्या. त्या एकदा काहीच बोलल्या नाहीत, भाजी घेतली आणि पिशवीतून घडी केलेले सुती मास्क काढून दिले, जुन्या साडीचे घरी शिवलेले, तीन पदरी, इलॅस्टिक न लावता मागे बांधायच्या नाड्या. आईच्या कानात कुड्या आहेत, इलॅस्टिक त्यात अडकून कानाची पाळी सोलून निघायची, हे त्या बाईंनी समोर उभं राहून बघितलं होतं. म्हणाल्या, 'धुतलेले आहेत ताई, दुपारी एक बदला.' बस. आई ते सगळे वापरून फाटेपर्यंत वापरत होती आणि शेजारच्या लिंबूवालीलाही दोन दिले. सांगायची पद्धत म्हणाल तर माझ्या मते ही.

नेरुळ सेक्टर पाम

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लावते आणि बाकीचं समोरच्याच्या ओठांवरून समजून घेते. सगळ्या गावाने एका दिवसात तोंड झाकलं तेव्हा माझं अर्धं बोलणंच बंद झालं. मास्कमुळे आवाजातला बारीक टोकदार भाग दबतो, स, श, फ, थ हे सगळे मला एकच वाटायला लागले, 'साठ' की 'आठ' कळायचं नाही. त्यात मास्कचं इलॅस्टिक आणि मशीन दोन्ही कानामागे, मास्क काढताना मशीन उडून एनएमएमटीच्या स्टॉपवर पडलंय माझं, बस येत असताना खाली वाकून शोधलंय.

लोक दोन प्रकारचे भेटले. मी कानाकडे बोट दाखवलं की काही जण मास्क खाली ओढून तोंड माझ्या कानाशी आणायचे आणि ओरडायचे. मनात वाईट काही नसायचं त्यांच्या, पण मी घाबरून मागे सरकायचे, घरी सासऱ्यांना डायलिसिस चालू होतं. आणि सीवूड्स स्टेशनबाहेरचा एक फळवाला, मुलगाच होता, तो आधी गाडीच्या पलीकडे गेला, चांगला हातभर नाही, पाच-सहा हात मागे, मग मास्क खाली घेतला, सावकाश बोलला, परत वर घेतला. पुढच्या वेळेपासून पेटीच्या पुठ्ठ्यावर खडूने भाव लिहून माझ्याकडे वळवून ठेवायचा. मला अजून त्याच्याकडूनच फळं घ्यावीशी वाटतात.

तर माझी विनंती, मास्कमधून ओरडू नका, ओरडल्याने शब्द आणखी फाटतो. लांब जा, सावकाश बोला, नाहीतर मोबाईलवर टाइप करून दाखवा. मोकळ्या जागी एवढं अंतर ठेवून मिनिटभर मास्क खाली घेणं चालण्यासारखं होतं, बंद दुकानात नाही.

पाम बीच रनर

थोडक्यात लिहितो. व्यायाम करताना मास्क लावू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2020 मध्ये सांगितलं होतं, मला दम्याचा त्रास, पळताना लावणं शक्यच नाही. म्हणून उजाडायच्या आत पळायचो आणि मास्क मनगटाला, कोणी दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडून. एका आजोबांनी एकदा लांबून हात जोडून नमस्कार केला, ते लक्षात आहे.

एक सिस्टर, वाशी

सिडको एक्झिबिशन सेंटरमधल्या कोविड सेंटरला ड्युटी होती माझी. पुढे गोल झाकण असलेला व्हॉल्व्हचा मास्क लोक भारी समजून लावायचे. तो लावणाऱ्याला वाचवतो पण त्याचा श्वास गाळल्याशिवाय सरळ समोरच्याच्या अंगावर. जुलै 2020 मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून तो वापरू नका सांगितलं, तरी मी कितीतरी दिवस बघत होते. जो मास्क फक्त आपल्यापुरता, तो लावून गर्दीत जाऊ नये.

दुसरं म्हणजे वापरलेले मास्क. सागर विहारला खाडीकडेच्या कठड्यावर, झुडपात लटकलेले असायचे आणि सकाळी झाडूवाल्या मावशी ते हाताने उचलायच्या. कापून, कागदी पिशवीत 72 तास ठेवून मग सुक्या कचऱ्यात टाका अशी सूचना होती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची. घरात एक पिशवी ठेवायची होती फक्त. मला ह्याचा राग तेव्हाही होता आणि आजही आहे, कारण त्या मावशींना नाही म्हणायची सोय नव्हती.

कळवा खारेगाव

काकांना नेलं तेव्हा स्मशानाच्या गेटबाहेर मोजकेच लोक. रडताना प्रत्येकाचा मास्क खाली येत होता आणि अशा वेळी कोण कोणाला सांगणार. आमचा मोठा दादा मास्कचं पाकीट घेऊन गेटवर उभा राहिला, येणाऱ्याला नुसतं हात जोडायचा आणि एक मास्क पुढे करायचा, ओला झाला असेल तर नवा. एक शब्द नाही. कोणालाही वाईट वाटलं नाही.

ऐरोलीची वहिनी

मी अजून लावते, केमो चालू आहे. 'अजून कसला कोरोना' हे भाजी बाजारात, बागेत, सगळीकडे ऐकते. दर वेळी अनोळखी माणसाला आजार सांगायचा का मी? कोणी खोकत असेल आणि मी चार पावलं मागे गेले तर तो अपमान नाही हो. नेरुळच्या ताई, तुमचं वाचून विचारते, माझ्या भाचीला ऐकू येत नाही, तिच्याशी बोलताना मला मास्क काढता येत नाही. काही उपाय आहे का?

नेरुळ सेक्टर पाम

वहिनी, आहे. ओठांच्या जागी पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेला मास्क, तयार मिळतो किंवा शिंप्याकडून शिवून घ्या. श्वासाने प्लास्टिकवर वाफ धरते, त्यासाठी आतून भांड्याच्या साबणाचा अगदी पातळ हात फिरवून वाळवा. पण त्यातून एन-95 एवढं संरक्षण मिळत नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, वापरला तरी गॅलरीत नाहीतर बागेत बसून, घरात नको. आणि भाचीला सांगा, उजेड तुमच्या तोंडावर पडेल अशा बाजूला बस.