इमॅक्युलाटाचे सुवर्णयुग शिष्यवृत्त्यांनी संपवले का?

माळरान (धागाकर्ता)

पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला माल्व्हर्नजवळ इमॅक्युलाटा नावाचे महाविद्यालय आहे. इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरी या संघाच्या धर्मभगिनींनी ते १९२० साली केवळ मुलींसाठी काढले. काही शेकडा विद्यार्थिनींच्या या महाविद्यालयाने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षे महिला बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, ही गोष्ट आज अमेरिकेतही फारशा लोकांना ठाऊक नाही.

कॅथी रश १९७० साली प्रशिक्षिका म्हणून रुजू झाल्या तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचे मानधन वर्षाला ४५० डॉलर होते. महाविद्यालयाचे क्रीडागृह १९६७ साली आगीत भस्मसात झाले होते, त्यामुळे सराव धर्मभगिनींच्या मठाच्या व्यायामशाळेत चाले. मुली चुण्या घातलेले लोकरी झगे घालून खेळत. इलिनॉयमधील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेला जाण्यासाठी त्यांनी दात घासायचे ब्रश विकून पैसे उभे केले. ते आठच तिकिटांना पुरले, म्हणून बाकीच्या खेळाडूंना घरीच थांबावे लागले. सोळा संघांत पंधरावे मानांकन असलेल्या या संघाने अंतिम सामन्यात वेस्ट चेस्टर स्टेट महाविद्यालयाच्या संघाला ५२-४८ असे हरवले. याच वेस्ट चेस्टरने काही दिवसांपूर्वी विभागीय सामन्यात त्यांचा बत्तीस गुणांनी धुव्वा उडवला होता.

माझे म्हणणे असे की हे यश अपघाताने आलेले नव्हते. ही स्पर्धा ए.आय.ए.डब्ल्यू. या संघटनेची होती. ती संघटना महिलाच चालवत आणि क्रीडा-शिष्यवृत्त्यांना तिचा मुळातच विरोध होता. त्या व्यवस्थेत छोट्या कॅथलिक महाविद्यालयाला मोठ्या विद्यापीठाच्या बरोबरीने उभे राहता येत होते. १९७३ साली शिष्यवृत्त्यांवरची बंदी उठली, १९८१-८२ च्या हंगामात पुरुषांच्या खेळांवर आधीपासून हुकमत असलेल्या एन.सी.ए.ए. या संघटनेने महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या, आणि त्याच वर्षी ए.आय.ए.डब्ल्यू.चा कारभार आटोपला. रश यांनी १९७७ मध्ये पद सोडले आणि इमॅक्युलाटा पुन्हा कधी राष्ट्रीय अंतिम सामन्यात दिसले नाही. आज ते एन.सी.ए.ए.च्या सर्वांत खालच्या, म्हणजे तिसऱ्या विभागात खेळते. पैशाने या महाविद्यालयाला मैदानाबाहेर काढले, असे मला ठामपणे वाटते.

चौकस

आपण दिलेला तपशील बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

इमॅक्युलाटाला १९७५ आणि १९७६ च्या अंतिम सामन्यांत कोणी हरवले, हे आपण सांगितलेच नाही. दोन्ही वेळा ते डेल्टा स्टेट होते, मिसिसिपीतल्या क्लीव्हलँड या लहानशा गावातले सरकारी महाविद्यालय. त्याच्याकडे पैशाच्या राशी नव्हत्या. त्याच्याकडे मार्गरेट वेड यांच्यासारख्या प्रशिक्षिका होत्या आणि लुशिया हॅरिस ही सहा फूट तीन इंच उंचीची, शेतकरी कुटुंबातली कृष्णवर्णीय खेळाडू होती, जिने पुढे १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा पहिलावहिला गोल केला. छोट्या महाविद्यालयाला दुसऱ्या छोट्या महाविद्यालयाने हरवले, यात शिष्यवृत्त्यांचा खलनायक कुठून आला?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. शिष्यवृत्त्यांवरची बंदी मोडली कोणी? फ्लोरिडातल्या बोका रॅटन येथील मेरीमाउंट महाविद्यालयाच्या टेनिसपटू त्या प्रकरणात पुढे होत्या, आणि तेही कॅथलिक धर्मभगिनींनी स्थापन केलेले छोटे महाविद्यालयच होते. तिथल्या क्रीडा-संचालिका फर्न केलमायर आणि खेळाडू १९७३ च्या आरंभी न्यायालयात गेल्या, कारण मुलांना खेळासाठी मिळणारी मदत मुलींना नाकारणे हा उघड भेदभाव होता. ज्यांना आपण या बदलाचे बळी म्हणता, त्यांच्यातल्याच काहींनी तो बदल मागून घेतला.

आणि ब्रश विकून तिकिटे काढण्यात मला कोणताही पावित्र्याचा भाग दिसत नाही. ज्या मुली घरी राहिल्या त्यांचा विचार करा. वर्षभर घाम गाळायचा आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या दिवशी तिकिटाला पैसे नाहीत म्हणून मागे थांबायचे, हे त्यांच्या वाट्याला येणे अन्यायाचे होते. त्या काळातल्या पुरुष संघावर अशी वेळ आली असती, तर आपण तिचे कौतुक केले असते का?

माळरान

घरी राहिलेल्या खेळाडूंबद्दल आपण म्हणता ते मी मनापासून मान्य करतो, आणि शिष्यवृत्ती हा मुलींचा हक्क होता याबद्दलही माझा वाद नाही. माझा रोख हक्कासोबत आलेल्या मालकीच्या बदलाकडे आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना महिला प्रशिक्षक होत्या. आता हे प्रमाण निम्म्याहून खाली आले आहे. खेळात पैसा आला, पदांना मान आला आणि त्या पदांवर पुरुष येऊन बसले.

इमॅक्युलाटाच्या संघाकडे या अंगाने पाहावे अशी माझी विनंती आहे. याच संघातल्या तेरेसा शँक, म्हणजे पुढच्या तेरेसा ग्रेंझ, यांनी रटगर्स विद्यापीठाला १९८२ चे, ए.आय.ए.डब्ल्यू.चे अखेरचे विजेतेपद मिळवून दिले आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाला मार्गदर्शन केले. त्यांच्या सहखेळाडू मॅरिॲन क्रॉफर्ड स्टॅनली यांनी ओल्ड डोमिनियन विद्यापीठाला १९७९, १९८० आणि १९८५ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. धर्मभगिनींनी चालवलेल्या एका संस्थेत, तरुण प्रशिक्षिकेच्या हाताखाली खेळलेल्या मुलींना खेळ आपण चालवू शकतो हे कोणी वेगळे शिकवावे लागले नाही. ते त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडत होते. प्रेक्षकांत बसलेल्या धर्मभगिनी बादल्यांवर काठ्या बडवून गजर करत. त्या बादल्या एका खेळाडूच्या हार्डवेअरच्या दुकानदार वडिलांनी पुरवलेल्या. असे वातावरण शिष्यवृत्तीच्या रकमेतून तयार होत नाही.

परसबाग

दोघांचेही लक्ष विजेतेपदांवर आहे, म्हणून संस्थेच्या बाजूने थोडे लिहितो.

इमॅक्युलाटापासून फार दूर नसलेल्या रॅडनॉर येथे कॅब्रिनी विद्यापीठ होते. मिशनरी सिस्टर्स ऑफ द सेक्रेड हार्ट या संघाने ते १९५७ मध्ये स्थापन केले होते. त्याच्या पुरुष लॅक्रॉस (जाळी लावलेल्या काठीने चेंडू खेळण्याचा खेळ) संघाने २०१९ मध्ये तिसऱ्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. पाचच वर्षांनी, २०२४ मध्ये, विद्यापीठ बंद पडले आणि परिसर शेजारच्या व्हिलानोवा विद्यापीठाकडे गेला. इंडियानातील रेन्सेलिअर येथील सेंट जोसेफ्स महाविद्यालय १८८९ पासूनचे आणि दुसऱ्या विभागात खेळणारे होते. कर्जाखाली दबून त्याने २०१७ मध्ये अध्यापन थांबवले.

छोट्या महाविद्यालयांत खेळाडू हेच विद्यार्थिसंख्येचा मोठा आधार असतात. तिसऱ्या विभागात क्रीडा-शिष्यवृत्ती देताच येत नाही, तरीही केवळ खेळायला मिळते म्हणून मुले शुल्क भरून तिथे येतात. खेळ अशा संस्थेला काही काळ तगवतो, पण घटत्या प्रवेशांवर आणि वाढत्या खर्चावर तो उपाय ठरत नाही. इमॅक्युलाटाने २००५ पासून पदवीसाठी मुलग्यांनाही प्रवेश दिला आणि ते आजही चालू आहे. ते अंतिम सामन्यात दिसत नाही याचे मला दुःख नाही.

चौकस

'परसबाग' यांच्या प्रतिसादाने माझा मुद्दा अधिक स्पष्ट झाला. संस्था टिकणे आणि खेळाडूला न्याय मिळणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि 'माळरान' पहिल्याचे दुःख दुसऱ्याच्या माथी मारत आहेत.

प्रशिक्षकपदांबाबतचा त्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यावर उपाय पदे भरणाऱ्या विद्यापीठांकडून मागायला हवा. मोठी व्यवस्था आली म्हणून छोट्यांची दारे लगेच बंद झाली, हेही खरे नाही. एन.सी.ए.ए.च्या १९८२ च्या पहिल्याच महिला स्पर्धेत अंतिम सामन्यात लुइझियाना टेकसमोर कोण उभे होते? पेनसिल्व्हेनियाच्या त्याच भागातले, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेले चेनी स्टेट हे छोटे महाविद्यालय. त्याच्या प्रशिक्षिका व्हिव्हियन स्ट्रिंगर होत्या.

माळरान

चेनीचे उदाहरण मी नाकारत नाही, परंतु त्यानंतर तसे किती संघ त्या अंतिम सामन्यात पोहोचले, याचा शोध आपणच घ्यावा.

२२ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महिलांचा पहिला महाविद्यालयीन सामना झाला. इमॅक्युलाटाने क्वीन्स महाविद्यालयाला ६५-६१ असे हरवले, आणि तो पाहायला सुमारे बारा हजार लोक आले. महिलांचा खेळ तिकीट काढून पाहणारा प्रेक्षक आहे, हे न्यू यॉर्कला प्रथम दाखवणाऱ्या संघांतला एक संघ या छोट्या कॅथलिक महाविद्यालयाचा होता. पुढे त्याच प्रेक्षकांच्या भरवशावर मोठ्या विद्यापीठांनी महिलांचे संघ उभे केले. त्यांच्या इतिहासात इमॅक्युलाटाची नोंद जेमतेम एका ओळीची असते, आणि मैदानातल्या पीछेहाटीपेक्षा मला ती ओळ जास्त सलते.