माऊ गाभण आहे आणि घरात पॅनल्युकोपेनियाचं पिल्लू येऊन गेलंय, काय करू?

अबोली
नमस्कार, जरा घाईत लिहितेय, चुकलंमाकलं समजून घ्या. दोन महिन्यांपूर्वी एक भटकी माऊ आमच्याकडे यायला लागली आणि मग राहिलीच. लसीकरण झालेलं नाही, करायचं करायचं म्हणेपर्यंत पोट दिसायला लागलं. दोन आठवड्यांपूर्वी सोनोग्राफी केली तेव्हा डॉक्टर म्हणाले साधारण पाच आठवडे झालेत, तीन-चार पिल्लं असावीत.

आता मुख्य गोष्ट. नऊ दिवसांपूर्वी मी एक बेवारस पिल्लू घरी आणलं, अगदी अशक्त होतं. त्याला उलट्या, जुलाब सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी ते गेलं. टेस्टमध्ये पॅनल्युकोपेनिया निघाला, मांजरांचा तो विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार. ते तीन दिवस माऊ त्याच खोलीत होती, एकाच भांड्यातलं पाणी प्यायली, त्याला चाटत पण होती. माझीच चूक, वेगळं ठेवायला हवं होतं, हे मला आता रात्री झोपू देत नाहीये.

सध्या माऊ व्यवस्थित खातेय, खेळतेय. पण पोटातल्या पिल्लांचं काय? तिला आता लस देता येईल का? आणि घरात ४ वर्षांचा बोका आहे, त्याच्या सगळ्या लसी झाल्यात, त्याला धोका आहे का? एकजण म्हणाले की तिला बाहेर सोडून दे, ते तर मी करणारच नाहीये.

कोवळं_ऊन
अगं लगेच लस देऊन टाक ना, आमच्या मांजरांना दिली होती, काही झालं नाही. उशीर करू नकोस.

पाच_बोके
कोवळं_ऊन, थांबा, हे गाभण मांजरीच्या बाबतीत चालत नाही. नेहमी मिळणाऱ्या लसी बहुतेक लाइव्ह असतात, म्हणजे त्यात जिवंत पण कमकुवत केलेला विषाणू असतो, आणि तो वारेतून पोटातल्या पिल्लांपर्यंत जाऊ शकतो, मग आजार जे नुकसान करेल तेच लस करून बसेल. याच कारणासाठी ४ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांनाही ती देत नाहीत. मृत विषाणूची लस वेगळी, पण ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. अबोलीताई, दवाखान्यात पाय ठेवल्याठेवल्या पहिलं वाक्य हेच बोला की ही गाभण आहे, समोरच्याला माहीत असेल असं धरून चालू नका.

आता बाकीचं. मी बरीच वर्षं आजारी आणि अनाथ मांजरं सांभाळतोय त्यामुळे हा आजार जवळून बघितलाय. हा मांजरांचा पार्वो, म्हणजे पार्वो नावाच्या विषाणूचा आजार. जिथे पेशी भराभर वाढत असतात तिथे हा विषाणू घुसतो, म्हणजे आतडं, हाडांमधला मगज आणि गर्भ. म्हणून लहान पिल्लं पटकन जातात, आणि मोठ्या मांजरीला कधीकधी काहीच होत नाही. भटक्या मांजरींपैकी बऱ्याच जणींचा आधी कधीतरी याच्याशी सामना झालेला असतो आणि त्यांच्यात प्रतिकारशक्ती आलेली असते. तुमच्या माऊचं तसं असेल तर पिल्लं पण वाचतील. रक्तातल्या अँटिबॉडी बघायची टेस्ट असते, तुमच्याकडे होते का ते डॉक्टरांना विचारा.

लक्षणं बहुतेक वेळा आठवडाभरात दिसतात पण पूर्ण १४ दिवस धरा. पिल्लू जाऊन सहा दिवस झाले म्हणजे अजून आठ दिवस डोळ्यात तेल घालून बघायचं. खाणं सोडणं, एका कोपऱ्यात मुटकुळं करून बसणं, पाण्याच्या भांड्यापाशी तोंड नेऊन न पिणं, उलटी, ताप. रोज ताप बघत असाल तर नॉर्मल ३८ ते ३९.२ सेल्सिअस. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर ढकलायचं नाही. आणि घरातलं पॅरासिटामॉल अजिबात नाही, मांजरासाठी ते विष आहे.

जाण्याआधी फोन करा, कारण वेटिंगमध्ये दुसऱ्या कोणाचं लस न झालेलं पिल्लू बसलेलं असू शकतं.

बोक्याचं डोस वेळेवर झाले असतील तर काळजी करू नका, तो बऱ्यापैकी सुरक्षित आहे.

अबोली
खूप खूप धन्यवाद दादा. साफसफाईचं पण सांगा ना, मी सगळीकडे सॅनिटायझर मारलाय. आणि पिल्लांना नक्की काय होऊ शकतं, खरं खरं सांगा, मला आधीच माहीत असलेलं बरं.

पाच_बोके
सॅनिटायझरने हा मरत नाही, अल्कोहोलला तो दाद देत नाही. घरात वर्षभर सुद्धा टिकू शकतो, इतका चिवट आहे. आधी साबणाच्या पाण्याने घाण पूर्ण काढा, कारण वर मळ असेल तर ब्लीच काम करत नाही. मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी ३२ भाग, म्हणजे लिटरला साधारण ३० मिली, ते पसरून १० मिनिटं ओलं राहू द्या. दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका आणि लघवीवर थेट ओतू नका, विषारी वायू होतो. सगळं वाळून वास जाईपर्यंत माऊ दुसऱ्या खोलीत. फिनाईल मांजरांच्या घरात नकोच. त्या पिल्लाचं अंथरूण, लिटर ट्रे, जे धुता येत नाही ते टाकून द्या, जीव अडकवू नका त्यात. तुमच्या हाताला, चपलेला लागून पण तो फिरतो, माणसाला मात्र काही होत नाही.

पिल्लांचं खरं सांगायचं तर किती दिवसांची गाभण असताना संसर्ग होतो यावर आहे. सुरुवातीला झाला तर गर्भ आतच विरघळतात, मध्ये झाला तर गर्भपात किंवा मेलेली पिल्लं. तुमच्या हिशोबाने पिल्लू आणलं तेव्हा माऊचे ४० दिवस झाले होते आणि मांजरीचे दिवस भरतात ६३ ते ६५ ला. म्हणजे शेवटचा टप्पा, आणि या टप्प्यात विषाणू पोचलाच तर तो छोट्या मेंदूवर परिणाम करतो, जिथून तोल सांभाळला जातो. हे एकाच वेताच्या काही पिल्लांना होतं, काहींना होत नाही.

रातराणी
मी इथे लिहायला थांबूच शकले नाही, कारण आमची चिंगी अशीच आहे. तीन आठवड्यांची झाली, चालायला लागली तेव्हा कळलं, पाय फाकवून चालायची, डोकं हलायचं, पाण्याकडे जाताना भांड्यातच तोंड आपटायचं. डॉक्टर म्हणाले सेरेबेलर हायपोप्लेझिया, म्हणजे तो तोल सांभाळणारा छोटा मेंदू पूर्ण वाढलेला नसणं. मी रडले होते तेव्हा. आज ती ६ वर्षांची आहे. हे दुखत नाही आणि वाढत पण नाही, जेवढं आहे तेवढंच राहतं, आणि ती तिच्या पद्धतीने शिकते. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाकल्या, ट्रेची एक बाजू कमी उंचीची घेतली, खाण्याचं भांडं जड आणि पसरट. उंचावर चढू देत नाही. बाहेर मात्र कधीच सोडत नाही. तुझ्याकडे असं पिल्लू झालं तर कोणी म्हणालं की हे जगून काय करणार, तर माझ्याशी बोल आधी. फार तीव्र असेल, स्वतः खाताच येत नसेल, तर गोष्ट वेगळी, पण बहुतेक डुगडुगणारी पिल्लं मजेत जगतात.

कोवळं_ऊन
चुकीचं सांगितलं मी, सॉरी, माहीत नव्हतं. बरं झालं कोणीतरी अडवलं. एक विचारू का, हा आणि ते मांजरांचं ल्युकेमियावालं एकच ना?

पाच_बोके
नाही नाही, नावामुळे गोंधळ होतो. फेल्व म्हणजे ल्युकेमियाचा विषाणू वेगळाच, तो बराच काळ अंगात राहतो, लाळेतून, दुधातून आणि पोटातूनही पिल्लांना जातो, पण बाहेर वातावरणात फार टिकत नाही. माऊ भटकीच होती, त्यामुळे फेल्व आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) यांची टेस्ट एकदा करून घ्याच.

अबोली
अपडेट देते. काल नेलं होतं. फोन केला होता म्हणून सगळ्यात शेवटची वेळ दिली आणि कॅरिअर गाडीतच ठेवायला सांगितला, आत बोलावलं तेव्हाच नेला. ताप ३८.४, पांढऱ्या पेशी नॉर्मल, पार्वोचं किट निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले आज निगेटिव्ह म्हणजे आजपुरतं, आठ दिवस बघायचं आहेच. फेल्व-एफआयव्ही पण निगेटिव्ह, फेल्वची महिन्याभराने परत करायला सांगितली. अँटिबॉडीचा रिपोर्ट यायचाय. लस आता नाही, ती विल्यावर कधी ते नंतर बघू म्हणाले. खाणं किटन फूड सुरू केलंय, तेच दूध पाजेपर्यंत ठेवायचं.

आता विण्याच्या वेळी कशाकडे लक्ष देऊ?

पाच_बोके
रिपोर्ट छान आहेत. ताप ३७.८ च्या खाली आला की साधारण दिवसभरात विते, हे सगळ्यांच्या बाबतीत दिसतंच असं नाही पण उपयोगी पडतं. जोरात कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू आलं नाही तर थांबू नका, डॉक्टरांचा रात्रीचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा. जन्मल्यावर पहिल्या दिवसाच्या आत प्रत्येक पिल्लाने दूध प्यायलंच पाहिजे, आईच्या अँटिबॉडी त्यातूनच येतात, आणि तुमच्या घरात विषाणू राहून गेलेला असू शकतो म्हणून हे जास्तच महत्त्वाचं. जन्मतः साधारण १०० ग्रॅम असतात, रोज १० ग्रॅमच्या आसपास वाढायला हवीत, किचनच्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी मोजा आणि लिहून ठेवा, वजन थांबलं की काहीतरी बिनसलंय हे डोळ्यांआधी काटा सांगतो. ६ ते ८ आठवड्यांत पहिली लस, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत. आणि तोपर्यंत नवीन पिल्लू घरात आणू नका, कितीही वाईट वाटलं तरी.

रातराणी
आणि अबोली, ते गेलेलं पिल्लू तीन दिवस तरी उबेत होतं, त्याला कोणीतरी चाटत होतं. ते बाहेर एकटं गेलं नाही.

अबोली
हे वाचून डोळे भरून आले गं. आज खोली पूर्ण धुतली, ब्लीच करून, वाळवून, वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवल्या. नवीन खोका आणला, आत जुन्या सुती साड्या घातल्या, संध्याकाळी माऊ दोनदा हुंगून गेली आणि आत्ता आत जाऊन बसलीये, साडी पंजांनी उकरतेय. अँटिबॉडीचा रिपोर्ट आला की लिहिते.