मदत हवी आहे: हशा न मागता हसवायचं कसं? ('द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन' पाहून पडलेला प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी गटासाठी एक एकांकिका बसवतेय. दोन सख्खे भाऊ, भिंतीला भिंत लागून घरं, आणि एके दिवशी थोरला धाकट्याशी बोलणंच टाकतो. प्रसंग विनोदी आहेत, पण शेवटी घशात आवंढा यायला हवा. तालमीत तेवढंच जमत नाहीये. धाकट्याचं काम करणारा मुलगा गुणी आहे, पाठांतर चोख आहे. पण वाक्य टाकलं की क्षणभर थांबतो, हशाची वाट बघतो. हशा येतोही, आणि मग त्याचं पुढचं रडणं कुणाला खरं वाटत नाही.

म्हणून गेल्या रविवारी सगळ्यांना घरी बोलावून मार्टिन मॅकडोनाचा हा २०२२चा चित्रपट दाखवला. काळ १९२३चा, आयर्लंडलगतचं एक काल्पनिक बेट, समोरच्या किनाऱ्यावर यादवी चाललेली. रोज दुपारी दोनला पॉड्रिक त्याच्या मित्राला, कॉल्मला, हाक मारायला जातो आणि दोघं पबमध्ये जातात. एक दिवस कॉल्म सांगतो, तू मला आवडेनासा झालास. पुढे तर म्हणतो, पुन्हा माझ्याशी बोललास तर दर वेळी माझंच एक बोट कापीन. आणि हा माणूस फिडल (म्हणजे व्हायोलिन) वाजवणारा! ब्रेंडन ग्लीसन हे इतक्या थकलेल्या, समजुतीच्या सुरात बोलतो की धमकी खोटी वाटतच नाही.

पॉड्रिक झालेल्या कॉलिन फॅरेलचं काम तर मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. 'काल तर आवडत होतो' हे वाक्य तो बेरीज चुकल्यासारखं बोलतो. भुवया जवळ आलेल्या, नजर मित्राच्या तोंडावर, की आता तरी नीट सांगेल. आपण हसतो, त्याला पत्ताच नाही. नंतर पोलीस त्याला मारून रस्त्यात पाडतो. कॉल्म एक शब्द न बोलता त्याला उचलून गाडीत बसवतो, लगाम स्वतः धरतो, आणि शेजारी बसलेला फॅरेल हुंदके द्यायला लागतो. फाट्यावर कॉल्म उतरून चालू पडतो. आमच्या खोलीत तेव्हा कुणी हललं नाही.

बहीण झालेली केरी कॉन्डन आणि तळ्याकाठी नकार पचवणारा बॅरी कीओगन, दोघंही तितकेच अस्सल. त्या दोघांना बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. ऑस्करला मात्र चौघांची नामांकनं होऊनही एकालाही मिळालं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

आता प्रश्न. 'आपण विनोदी आहोत हे पात्राला माहीत नाही' हे त्या मुलाला पटलंय, अंगात उतरत नाहीये. दोघांना पाठीला पाठ लावून बसवून संवाद म्हणायला लावले. थांबणं गेलं, पण प्रवेशातला जीवही गेला. अख्खी संहिता आधी निव्वळ शोकांतिका म्हणून बसवावी का? कुणी तसं केलंय का? आणि फॅरेलच्या भुवया कॅमेऱ्याने जवळून दाखवल्या. आमच्या पंधराव्या रांगेपर्यंत तो गोंधळ पोचवायचा तर हालचालीत, जागा घेण्यात काय करावं?

ज्यांनी रंगमंचावर काम केलंय किंवा बसवलंय, त्यांनी कृपया एखादा प्रत्यक्ष करून बघितलेला व्यायाम सांगा. प्रयोगाला तीन आठवडे आहेत, तालीम रोज संध्याकाळी सातला असते. सुचवाल ते दुसऱ्याच दिवशी करून बघेन आणि काय झालं ते इथेच लिहीन.