उतरती उन्हं, तिरीप की संधिप्रकाश?

एका जुन्या दगडी वास्तूचे फोटो काढलेत, फिल्मवर, आयएसओ ४०० चा (म्हणजे उजेडाला बऱ्यापैकी संवेदनशील) निगेटिव्ह रोल. वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधीची. खाली ओळ लिहायचीय, मी 'संधिप्रकाशात' म्हणतोय, मित्र म्हणतो 'कातरवेळ' लिही. गोल्डन अवरला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

— संधिप्रकाश नाही हो. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर जो उजेड मागे राहतो तो संधिप्रकाश, त्यात धड सावलीही पडत नाही. तुमच्याकडे खांबांच्या लांबलचक सावल्या आहेत म्हणजे ते ऊनच. 'उतरती उन्हं' लिहा किंवा 'कलती उन्हं'. गंमत बघा, दुपारी 'ऊन' तापतं पण संध्याकाळी 'उन्हं' कलतात, अनेकवचन आपोआप येतं. कातरवेळ अजून पुढची, आणि त्यात उजेडापेक्षा हुरहूरच जास्त.

— +१. फोटोतही तेच दिसतं ना, कलत्या उन्हात कोरलेल्या पाकळीची एक कड उजळते आणि शेजारची खाच काळी पडते म्हणून नक्षी उठून दिसते, तेच संधिप्रकाशात भिंत सपाट वाटते. शिवाय डेलाइट फिल्म साधारण ५५०० केल्विनला, म्हणजे भर दिवसाच्या पांढऱ्या उजेडाला बेतलेली, सूर्य खाली आला की उजेड त्याहून बराच पिवळा होतो, त्यामुळे 'सोनेरी' म्हटलं तरी चालेल, जरा गुळगुळीत झालाय तो शब्द एवढंच.

— आणि तिरीप?

— तिरीप म्हणजे ढगातून, झाडातून येणारी उन्हाची तिरकी रेघ. झरोक्यातून आत येऊन फरशीवर पडतो तो कवडसा. अंधाऱ्या दालनातला कवडसा घेताना उजेड मोजणारा मीटर हमखास फसतो, तो सगळा काळोख मोजून जास्त एक्स्पोजर सांगतो, मग स्लाइड फिल्म (थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी) असली तर कवडसा पांढराफटक. निगेटिव्ह बरंच सांभाळून घेते, तिथे सावलीचा हिशोब धरायचा, म्हणजे सावलीतला तपशील येईल इतकं एक्स्पोजर द्यायचं.

— धन्यवाद मंडळी! मग 'उतरती उन्हं' नक्की. एक फ्रेम मात्र सूर्य बुडाल्यावरची आहे, ट्रायपॉडवर, मीटरने चार सेकंद सांगितले तेवढेच दिले.

— त्या फ्रेमला खुशाल संधिप्रकाश म्हणा. पण एका सेकंदाच्या पुढे बऱ्याच फिल्म मंदावतात, मीटर सांगतो त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो, तेव्हा ती थोडी अंधारी येईल. रोल धुवून आला की टाका इथे.