युरोपात शिकताना ग्रुपसोबत केलेली वीकेंड ट्रिप: तुमचे अनुभव लिहा

जर्मनीत ऑक्टोबरमध्ये हिवाळी सेमिस्टर सुरू होतं. महाराष्ट्रातून निघालेली बरीच मुलं-मुली तेव्हा पोचलेली असतात, आणि महिन्याभरात व्हॉट्सॲपवर कुणीतरी विचारतंच, "या शनिवारी कुठे जायचं?" त्यांच्यासाठी हा धागा. कुठे गेलात, सोबत कोण होतं आणि मनात काय राहिलं, ते लिहा. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. सुरुवात मी करते, त्याखालचे अनुभव इतरांनी लिहिलेले आहेत.

म्युनिक ते साल्झबुर्ग

बायर्न-तिकीट (बव्हेरिया राज्यातलं एका दिवसाचं रेल्वे तिकीट) जास्तीत जास्त पाच जणांना एकत्र काढता येतं. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासूनच लागू होतं आणि ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत चालतं. फक्त लोकल आणि रीजनल गाड्यांनीच जायचं. होहेनसाल्झबुर्ग किल्ल्याचं बांधकाम 1077 मध्ये सुरू झालं. वर जायला रेल्वे आहे, पण आम्ही चढून गेलो. तटबंदी, दालनं, छपरं, सगळं जागच्या जागी! सोबतची कोल्हापूरची मैत्रीण भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभी होती. "आपला पन्हाळा असा राहिला असता तर," एवढंच म्हणाली. त्यानंतर आम्ही शहरात फारसं काही पाहिलं नाही, वरच बसून गडांबद्दल बोलत राहिलो. येताना फ्राइलासिंग या जर्मन सीमेवरच्या स्टेशनात पोलीस गाडीत चढतात, तेव्हा पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही जवळ ठेवा. मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका.

कार्ल्सरुहे ते स्ट्रासबुर्ग

डॉइचलांड-तिकिटावर (जर्मनीभर लोकल-रीजनल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास) केल या जर्मन सीमेवरच्या गावापर्यंत गेलो आणि तिथून ट्राम पकडली. 2017 पासून ही ट्राम ऱ्हाईनच्या पुलावरून फ्रान्समधून जर्मनीत येते-जाते. पुलावर आमच्यातला जर्मन मुलगा गप्प झाला. त्याचे पणजोबा याच सीमेवर लढले होते. आमच्या शेजारी एक बाई भाजीची पिशवी घेऊन पलीकडे निघाल्या होत्या. मला त्या दिवसातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

कॅथेड्रलचं शिखर 142 मीटर उंच आहे. आतल्या खगोलीय घड्याळात दुपारी साडेबारा वाजता प्रेषितांच्या मूर्ती येशूसमोरून जातात आणि वरचा कोंबडा आरवतो. त्यासाठी वेगळं तिकीट लागतं, काढाच.

व्हिएन्ना

घरी नाट्यसंगीत ऐकत वाढले, म्हणून स्टेट ऑपेरा पाहायचाच हट्ट मी धरला होता. उभं राहून पाहायची तिकिटं स्वस्त असतात आणि प्रयोगाच्या दिवशीच मिळतात. रांगेत पुढे होतो, म्हणून खालच्या मजल्यावर, रंगमंचाच्या अगदी समोर जागा मिळाली. आत गेल्यावर पाहिलं तर प्रत्येक जण कठड्याला मफलर बांधत होता. मफलर बांधला की जागा तुमची, मग खुशाल बाहेर फिरून या. कुणी तो सोडत नाही. माझ्याकडे आईची ओढणी होती, तीच बांधली. शेजारच्या आजोबांनी गाठ नीट आवळून दिली आणि समोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी शब्द कसे लावायचे तेही दाखवलं. तुर्की मैत्रिणीला यायचंच नव्हतं. मध्यंतरात तिचे डोळे भरून आले होते. पाय दुखतात, पण मध्येच निघू नका.

पॅरिस

वय 26 च्या आत आणि हातात युरोपियन युनियनमधल्या देशाचं रेसिडेन्स कार्ड असेल, तर लूव्र संग्रहालयात प्रवेश मोफत आहे. भारतीय पासपोर्ट असला तरी चालतं, कारण तिथे राहण्याचं ठिकाण बघतात. ही सवलत कित्येकांना माहीतच नसते. वेळ मात्र ऑनलाइन राखून ठेवा.

डब्लिन

आयर्लंड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, म्हणून वरच्या सगळ्या शहरांसाठी आम्हा डब्लिनमध्ये शिकणाऱ्यांना वेगळा व्हिसा लागतो. बेलफास्टच्या वाटेवर सीमेवर नाकं दिसत नाही, पण ते युनायटेड किंगडम आहे. "कुणी विचारत नाही, चल" म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. त्यापेक्षा गॉलवेला जा. तिथून बसने क्लिफ्स ऑफ मोहेरला गेलो. 214 मीटरपर्यंत उंच कडे, खाली अटलांटिक आणि अंगावर येणारा वारा! कोकणकडा आठवला. मी ग्रुपला हरिश्चंद्रगडाचे फोटो दाखवले, आता दोघं जण डिसेंबरमध्ये पुण्याला येताहेत.

स्टुटगार्ट

1907 मध्ये मॅडम कामांनी याच शहरात, समाजवादी परिषदेत, हिंदुस्थानचा ध्वज फडकवला. मध्ये देवनागरीत 'वंदे मातरम्' लिहिलेला तिरंगी ध्वज! मी हे सांगायला लागलो तेव्हा ग्रुपमधली केनियाची मुलगी खूप प्रश्न विचारत राहिली, त्यांच्या स्वातंत्र्यलढ्याबद्दल तिनेही भरभरून सांगितलं. मर्सिडीजचं म्युझियम त्या दिवशी राहिलं, त्याची खंत नाही. तो ध्वज पुण्यात केसरीवाड्यात आहे.

डेल्फ्ट

आम्ही डेल्फ्टला शिकतो, आमची ॲमस्टरडॅमची ट्रिप अजून व्हायची आहे. ॲन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरची खुली होतात. ग्रुपमधले सगळे एकदम लॅपटॉप उघडून बसलो आणि मिळाली. कुणी जाऊन आलं असेल तर सांगा, आत साधारण किती वेळ धरावा?