इमारतीचे सौंदर्य तिच्या उपयोगातूनच येते का?

बोरीकाठ (चर्चाप्रस्ताव)
माझ्या मते इमारतीचे सौंदर्य तिच्या कामातून उपजते, ते वरून चढवता येत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर बंधारा घातला गेला आणि पाणीमहाल त्या बंधाऱ्याच्याच पोटात बसवला गेला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळू लागले की महालाच्या गवाक्षातून ते पाणी अगदी समोर दिसते. पाणी अडवणे हे तिथले काम, आणि शोभा त्याच कामाची आहे. याउलट हल्ली तालुक्याच्या गावी पश्चिमेला काचेची दर्शनी भिंत असलेल्या इमारती उठतात, आणि मे महिन्यात आतल्या माणसांना भर दुपारी पडदे ओढून दिवे लावावे लागतात.

वेरूळवाट
काचेबद्दल सहमत, सिद्धांत मात्र मान्य नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास लेणे अखंड खडकातून वरून खाली कोरत आणले गेले. पूजेला एक गाभारा पुरला असता. जोत्यावरची हत्तींची रांग कोणत्या गरजेपोटी कोरली? बीबी का मकबऱ्यातही संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला आहे, मधल्या काळ्या दगडावर गिलावा आहे. म्हणजे शोभा वरून चढवलेलीच, तरी ती मन धरून ठेवते.

माळवदकर
दोघेही स्मारकांवर बोलत आहात, म्हणून घरांविषयी लिहितो. उन्हाळ्यात गारवा देणारे आपले माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, उपयोगी होते आणि देखणेही. परंतु गळती नको म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडत गेला, ओझे वर्षागणिक वाढले, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंतींसह तेच छत झोपलेल्या माणसांवर आले. घर उभे राहणे हे त्याचे पहिले काम, शोभेची चर्चा त्यानंतर.

बोरीकाठ
माळवदकर, आपला मुद्दा मी मनापासून मानतो. पण त्यावरून माळवदच टाकून देणे मला पटत नाही. भूकंपानंतर घरांच्या मजबुतीकरणात मातीचा थर कमी करणे, भिंतीच्या आरपार लांब दगड बसवणे आणि काँक्रीटचा पट्टा फिरवणे हेच उपाय सुचवले गेले होते. गारवा आणि भक्कमपणा एकत्र नांदू शकतात.

माळवदकर
नांदू शकतात, पण आज मातीच्या कामाचा जाणता गवंडी मिळणे कठीण आहे, आणि अर्धवट माहितीवर उभारलेल्या जड छताखाली मी माझ्या मुलांना झोपवणार नाही.