मदत हवी: ताराराणींची सिव्ह यादीत दिसते, पण स्टार्ट दाबलं की मेन मेन्यूवर परत येतंय

पंचगंगा_गेमर:
भावांनो अर्जंट मदत पाहिजे. सिव्ह सिक्ससाठी (सिव्हिलायझेशन सिक्स, राज्य उभारायचा स्ट्रॅटेजी गेम) कोल्हापूरची कस्टम सिव्हिलायझेशन बनवालोय, म्हणजे मॉड, गेममध्ये आपण घातलेली भर. लीडर महाराणी ताराबाई, खास युनिट शिलेदार, खास बिल्डिंग खासबाग, कोल्हापूरचं कुस्तीचं मैदान. यादीत नाव येतंय, निवडता येतंय, पण स्टार्ट दाबलं की लोडिंग थोडं होतं आणि सरळ मेन मेन्यूवर परत. काही एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. एक्सएमएल (मॉडची माहिती लिहायच्या फाइली) सगळी तपासून झाली, स्पेलिंगसुद्धा बघितली. मराठ्यांचा विषय निघाला की सगळे रायगडावरच थांबतात, औरंगजेबाला सात वर्षं झुंजवत ठेवणारी बाई गेममध्ये यायलाच पाहिजे. कुणाला असं झालंय का? लवकर सांगा.

तालीमवाला:
रॅम किती हाय लॅपटॉपला? माझा पण असाच बाहेर पडायचा, १६ जीबी केली तेव्हापासून मक्खन. आधी ते बघ.

लॉग_आधी:
रॅमचा काही संबंध नाही. रॅम कमी पडली तर गेम बंद पडतो, मेन्यूवर येत नाही. मेन्यूवर परत येणं म्हणजे गेमप्लेचा डेटाबेस लोड होताना अडकला. डेटाबेस डॉट लॉग फाइल (गेम त्यात एरर लिहितो) उघड आणि शेवटच्या एररच्या ओळी इथं टाक. आणि एक्स्पान्शन (गेमचे वाढीव भाग) कुठली आहेत, मॉड मॉडबडीत (मॉड बनवायच्या टूलमध्ये) बनवलास की हातानं, यातलं काहीच सांगितलेलं नाहीस.

पंचगंगा_गेमर:
हातानं, नोटपॅडवर. एक्स्पान्शन सगळी आहेत. माय गेम्समध्ये लॉग्ज फोल्डरच नाही.

लॉग_आधी:
ती जागा जुनी झाली. आता ॲपडेटा, लोकल, फिरॅक्सिस गेम्स असं आत जा. ॲपडेटा लपवलेला असतो, विंडोजमध्ये लपलेली फोल्डरं दाखवायचं चालू कर. आणि मेन्यूवर फेकल्या फेकल्या उघड, गेम नव्यानं चालू केलास की लॉग पण नव्यानं लिहिला जातो.

इतिहासप्रेमी_करवीर:
कोडचं मला कळत नाही, पण खासबाग ताराराणींच्या काळात कुठली? ते मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ साली सुरू झालं. ताराराणींनी वेगळी गादी मांडली १७१० ला. दोनशे वर्षांचा फरक आहे. त्यापेक्षा लीडर शाहू महाराजच घ्या. १९०२ चं पन्नास टक्के आरक्षण, राधानगरी धरण, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, एवढं मटेरियल दुसऱ्या कुठल्या राजाकडे मिळणार तुम्हाला?

पंचगंगा_गेमर:
दादा, बिल्डिंग सिव्हिलायझेशनची असते, लीडरची नाही. खासबाग कोल्हापूरची आहे म्हणून ती सिव्हिलायझेशन ट्रेट्समध्ये (खास गुणांमध्ये). एंटरटेनमेंट कॉम्प्लेक्समधल्या अरीनाच्या जागी घेतलीय आणि तिथं कुस्ती बघायला माणसं येतात म्हणून सुखसोयीबरोबर थोडं कल्चर पण मिळतं. शाहू महाराज दुसरे लीडर म्हणून येणारच आहेत, त्याच सिव्हला जोडून. पण आधी हे चालू तर होऊ दे.

घोडखिंड:
शिलेदाराला घोडे लागतात का गेममध्ये? शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, सरकारी घोडा बारगिराला. त्यामुळं स्ट्रॅटेजिक रिसोर्स काढूनच टाक, ही त्याची खरी ताकद.

पंचगंगा_गेमर:
तसंच केलंय, घोड्याची अट काढलीय. शिलेदार गेममधल्या कोर्सर या घोडेस्वार युनिटच्या जागी घातलाय. लॉग सापडला. शेवटची ओळ अशी: इनव्हॅलिड रेफरन्स ऑन युनिटरिप्लेसेस डॉट रिप्लेसेसयुनिटटाइप, युनिट_कोर्सर डझ नॉट एक्झिस्ट इन युनिट्स. पण कोर्सर गेममध्ये आहे की, मी स्वतः खेळलोय त्यानं!

तालीमवाला:
सिव्ह फाइव्हवर ये भावा, तिथं असली झंझट नव्हती.

लॉग_आधी:
कोर्सर गॅदरिंग स्टॉर्म या एक्स्पान्शनमध्ये आला, २०१९ ला. मूळ गेममध्ये तो नाही. नवीन गेम लावताना रूलसेट (नियमांचा संच) कुठला निवडलास?

पंचगंगा_गेमर:
स्टँडर्ड. गॅदरिंग स्टॉर्म लावलं की यादीत ताराराणीच येत नाहीत, म्हणून साध्यात लावलं.

लॉग_आधी:
अरे, हेच तर पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं. कॉन्फिगच्या फाइलीत प्लेयर्स टेबलला डोमेन (लीडर कुठल्या रूलसेटमध्ये दिसणार ते) लिहिलेलं नसणार. ते रिकामं ठेवलं की गेम आपोआप स्टँडर्डप्लेयर्स धरतो, म्हणून लीडर फक्त साध्या नियमात दिसतो, आणि त्या नियमात कोर्सर नाही. डोमेनमध्ये प्लेयर्स, कोलन, एक्स्पान्शन२_प्लेयर्स असं लिही. प्लेयरआयटम्सच्या प्रत्येक ओळीला पण तेच, नाहीतर निवडताना बाजूला युनिट आणि बिल्डिंग दिसणार नाही.

घोडखिंड:
मी म्हणतो कोर्सर ठेवूच नको. तो मध्ययुगातला, कॅसल्स संशोधनाला मिळतो. ताराराणींची लढाई १७०० ते १७०७ ची. कॅव्हलरीच्या जागी शिलेदार घाल, ती मूळ गेमपासून आहे, म्हणजे तिन्ही रूलसेटमध्ये मॉड चालेल.

लॉग_आधी:
कॅव्हलरी येईपर्यंत निम्मा गेम संपतो, खास युनिट वापरणार कधी? तारीख जुळवायच्या नादात खेळायची मजा घालवू नका.

घोडखिंड:
मजा म्हणून इतिहास वाकवायचा का? मग ताराराणीच कशाला, कुणाचंही नाव द्या.

रंकाळा_नाइट्स:
मोबाईलवर मॉड टाकता येतात का कुणाला माहितीय?

इतिहासप्रेमी_करवीर:
राजधानी काय ठेवलीय? ताराराणी असतील तर पन्हाळाच पाहिजे, कोल्हापूर शहर नंतर.

पंचगंगा_गेमर:
पन्हाळाच आहे. मग कोल्हापूर, विशाळगड, कागल, गडहिंग्लज, राधानगरी. डोमेन घातलं आणि सुरू झालं! शिलेदार पण येतोय. कोर्सरच ठेवतोय, मला त्यांची घोडदौड गेमच्या मध्यातच पाहिजे. पण आत गेल्यावर ताराराणींच्या नावाच्या जागी एलओसी_लीडर_ताराबाई_नेम असं दिसतंय. बाहेर यादीत नाव बरोबर आहे.

लॉग_आधी:
टेक्स्टची फाइल मॉडइन्फोमध्ये (मॉडच्या मुख्य फाइलीत) फक्त फ्रंटएंड ॲक्शन्समध्ये, म्हणजे मेन्यूपुरती जोडलीस. अपडेटटेक्स्ट म्हणून इनगेम ॲक्शन्समध्ये पण जोड, फाइल तीच चालेल. दोन्हीकडे लागते.

पंचगंगा_गेमर:
झालं, नाव आलं. आता शाहू महाराजांना घेतो. त्यांचा ट्रेट धरणावर ठेवू की शिक्षणावर?

इतिहासप्रेमी_करवीर:
शिक्षणावर. धरण त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नव्हतं.

तालीमवाला:
कुस्तीवर ठेव. आणि स्टीम वर्कशॉपवर (मॉड शेअर करायची जागा) टाकलास की लिंक दे, मी आजच खेळतो.